मामाची कबुली

॥ श्री ॥
नागपूर,
दि. ८ सप्टेंबर २०२५

ती. बंटीमामास,
निशिगंधाचा शि. सा. न. वि. वि.

साष्टांग नमस्कार घालायला तू समोर हवास आणि तू तर गजाआड, म्हणून सध्या अर्धाच घे. उरलेला सुटून आलास की अंगणात घालीन.

गुन्हेशास्त्र शिकणाऱ्या मुलीच्या सख्ख्या मामाला अटक होते आणि सगळ्या जिल्ह्यात तिलाच शेवटी कळतं, याबद्दल आमच्या विभागानं माझा प्रवेश रद्द केला तरी मी तक्रार करणार नाही. आई फोनवर सांगत होती, मामा पोस्टाच्या ट्रेनिंगला यवतमाळला गेलाय. मी म्हटलं, ग्रामीण डाकसेवकाला इतकं काय शिकवतात? शेवटी शेजारच्या अर्पितानं खरं सांगितलं. पोळ्याच्या दिवशी तू मारुतीच्या ओट्यावरून माइकवर झडत्यांची खोचक कवनं म्हणत होतास. बादलनं बैल विकून घेतलेला ट्रॅक्टर हार घालून तोरणाखाली आणला आणि तुझ्या जिभेला राहवलं नाही. अर्पितानं ती झडती मला लिहूनच पाठवली: ‘ट्रॅक्टर आणला तोरणात, शिंगं नाही त्याले; पोळी घेऊन उभी बायको, तोंड नाही खायले.’ मामा, मी वसतिगृहाच्या जेवणघरात इतकी हसले की ताक नाकात गेलं. मग पुढचं वाचलं आणि हसू जागच्या जागी थांबलं.

म्हणे बादल चिडून धावला, आपले म्हातारे आबा मध्ये पडले ते खाली आपटले, धक्काबुक्की झाली आणि तू बैलबंडीच्या कडेचा दांडा, ती उभारी, उपसून बादलच्या डोक्यात घातलीस. त्याला टाके पडले आणि तुला कोठडी. आता बाबा सांगतात, तू वकिलाचंही ऐकत नाहीस. पुढच्या तारखेला गुन्हा कबूल करून मोकळा होणार म्हणतोस. पोस्टाच्या पेटीत निघालेला विंचू पोस्टकार्डावर घेऊन बाहेर सोडणारा माणूस तू. तू कोणाचं डोकं फोडलंस असं सांगू नकोस मला. तू असं का करतोयस ते लिही, आणि जामीन का नाकारलास तेही लिही.

कळावे. लोभाची पेटी उघडीच आहे, टाकत राहावे.
तुझी भाची,
निशिगंधा


॥ श्री ॥
यवतमाळ,
दि. १७ सप्टेंबर २०२५

चि. निशिगंधा हिस,
गजेंद्रमामाचे अ. उ. आ.

दचकू नकोस, गजेंद्र म्हणजे मीच. शाळेच्या दाखल्यावर आहे तेच नाव इथं चालतं. पहिले दोन दिवस हजेरीला कोणी ‘ओ’ देत नव्हतं, कारण या नावाचा माणूस मलाही माहीत नव्हता. तुला आधीच सांगून ठेवतो, की आमची पत्रं जाण्यायेण्याआधी साहेब वाचतात. (साहेब, नमस्कार. अक्षर वाईट आहे, माणूस बरा आहे.)

तू फी भरून जे शिकतेस ते मला इथं राहण्याजेवणासकट मिळतंय, हे तुझ्या प्राध्यापकांना कळव. डाळ घरच्यापेक्षा बरी असते, पण हे तुझ्या आईला, दीपमालाताईला सांगितलंस तर भाची नाही म्हणेन. शेजारी पांढरकवड्याचे जब्बारभाई आहेत, मोटर मेकॅनिक. त्यांची हुस्नाबी उर्दूत लांबलचक पत्रं पाठवते आणि ते आम्हाला सगळं वाचून दाखवतात, शेवटच्या दोन ओळी सोडून. त्या ओळी आल्या की त्यांना एकदम खोकला येतो. बराकीतल्या पुष्कळांना लिहिता येत नाही, तेव्हा बाहेर पत्रं वाटत होतो तसा आत पत्रं लिहून देतो. खातं तेच आहे, फक्त सायकल नाही.

तुझ्या पुढच्या नोकरीचंही मी इथं बसून पाहून ठेवतोय. आबांचा हट्ट आहे की तू फौजदार व्हावंस. फौजदाराला माणूस भेटतो तो पळताना, आणि वकिलाला भेटतो तो हात जोडताना. दाढी करताना, मुलाच्या आठवणीनं भाकरी बाजूला ठेवताना तो कोणाला दिसतो, तर इथल्या लोकांना. (साहेब, हे तुमच्याबद्दल चांगलं लिहिलंय, खोडू नये.) तेव्हा तुला माणसांत नाक खुपसायचंच असेल तर असं खातं बघ की जिथं माणूस सबंध दिसतो.

जामिनाचं म्हणशील, तर अट अशी होती की केस चालेपर्यंत गावात पाय ठेवायचा नाही. गावात पाय न ठेवणारा पोस्टमन काय कामाचा? म्हणून म्हटलं, राहू द्या. आणि कबुलीचं काही विचारू नकोस, मारलं मी. तारीख दिवाळीनंतरची आहे. भोगली तेवढी शिक्षा धरतील आणि सोडतील. आपल्या रजतला म्हणावं, पहाटेचं धावणं सोडू नको. तुझा भाऊ मैदानी आणि लेखी दोन्हीत निघाला, आता पोलीस भरतीची पडताळणी तेवढी राहिली. आपल्या घरात खाकी आली की मग मी बाहेर येईन, गजाच्या दोन्हीकडे आपलीच माणसं नकोत.

लोभ साहेबांच्या हातून जातो आहे, थोडा कमी भरला तर समजून घेणे.
तुझा मामा,
बंटी


॥ श्री ॥
नागपूर,
दि. २७ सप्टेंबर २०२५

ती. बंटीमामास,
शि. सा. न. वि. वि. (आणि साहेबांनाही न. वि. वि.)

गेल्या शनिवारी आमच्याकडे शिकून पुढे काय करायचं यावर दिवसभर भाषणं झाली. न्यायवैद्यक प्रयोगशाळेतल्या बाई आल्या तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती, कारण त्यांनी रक्ताच्या डागांची चित्रं आणली होती. बँकांमधली फसवणूक शोधणारे एक गृहस्थ टाय लावून आले होते, त्यांना सगळ्यांनी पगारच विचारला. सरकारी वकील झाले, तुरुंगाधिकारी झाले. सगळ्यात शेवटी परिविक्षा अधिकारी म्हणून एक बाई उठल्या, हातात छत्री आणि डबा. तोवर बाहेर समोसे आले होते. अर्धा वर्ग पसार झाला.

मी बसून राहिले. त्या म्हणाल्या, एकवीसच्या आतल्या पोरानं पहिल्यांदाच काही केलं असेल, तर शिक्षा देण्याआधी कोर्ट आम्हाला विचारतं की हा पोरगा आहे कसा. मग त्या त्याच्या घरी जातात, चुलीपाशी बसतात, शेजाऱ्यांशी बोलतात, ज्याला लागलं त्यालाही भेटतात, आणि कोर्टाला लिहून कळवतात. कोर्टाला पटलं तर पोराला तुरुंगाऐवजी बंधपत्रावर घरी सोडतात आणि या बाई त्याच्यावर लक्ष ठेवतात. मला तुझी आठवण झाली, सबंध माणूस पाहणारं खातं म्हणतात ते हेच. पण मामा, तू बेचाळीसचा. तुझ्यासाठी ही गोष्ट तेवढी सोपी नाही. तू कबूल केलंस आणि शिक्षा लागली, तर सुटशील लवकर, पण डाकसेवकाची नोकरी जाईल. मी आमच्या सरांना विचारून खात्री केली. ‘मामाला हे माहीत नाही असं समजू नकोस,’ असं सर मला म्हणाले, आणि मला तीच भीती वाटते.

आता खरं काम. अर्पितानं मला पोळ्याचा व्हिडिओ पाठवला. गावातल्या सगळ्यांच्या फोनवर तो आहे आणि सगळे त्यात फक्त ट्रॅक्टर बघतात. मी डोळे मिटून ऐकला. धूळ उडते, बायका ओरडतात, बादल ‘मेलो मेलो’ करून कोसळतो, आणि त्याच क्षणी भोंग्यातून तुझा आवाज येतोय, हर हर महादेव म्हणायला सांगणारा. माइक ओट्यावर, वायरीला बांधलेला. बादल पडला तो पार ट्रॅक्टरच्या पलीकडे. तुझा हात इतका लांब कधी झाला? आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या तोंडाचा पट्टा तुझ्या उपयोगी पडतोय आणि तू त्यालाच कुलूप घालतोयस.

साहेब हे वाचत असतील तर वाचू देत. मामा, मारलं कोणी?

लोभ आहे म्हणूनच विचारते आहे, नसता तर टिपण काढून गप्प बसले असते.
निशिगंधा


॥ श्री ॥
यवतमाळ,
दि. ६ ऑक्टोबर २०२५

चि. निशिगंधा,
आशीर्वाद, पण कमी.

साहेब, या मुलीचं पत्र मनावर घेऊ नका. अभ्यासानं बिघडलेली आहे. लहानपणी कोंबडीनं अंडं कुठं घातलं हे शोधायला दिवसभर तिच्यामागे फिरायची, आणि अंडं सापडेपर्यंत कोंबडी घाबरून अंडी द्यायची बंद व्हायची. तेच चाललंय.

निशू, व्हिडिओत आवाज मागेपुढे होतो. भोंग्यात घुमतो. मी म्हणतो मी मारलं, बादल म्हणतो यानंच मारलं, पोलीस म्हणतात यानंच मारलं. इतक्या लोकांचं एकमत आपल्या गावात पाण्याच्या टाकीवरसुद्धा कधी झालं नव्हतं. ते मोडायला तू कशाला येतेस? नोकरी जाते तर जाऊ दे. माझ्यामागे ना बायको, ना पोर. ताईकडे जेवतो आणि गावाची पत्रं वाटतो. पत्रं तरी आता कोण लिहितं, तू सोडून? रजतची पडताळणी होऊ दे, हुकूम हातात पडू दे, मग माझ्यावर हवा तेवढा जाड प्रबंध लिही.

हे पत्र मिळालं की फाडून टाक आणि दिवाळीला घरी जा. चकल्या खा. आईला काही विचारू नकोस. एवढं एक ऐकलंस तर मामा म्हणून मला बरं वाटेल.

लोभ आहे. वाद नको.
बंटीमामा


पिंपळडोह, ता. झरी जामणी
दि. १२ ऑक्टोबर २०२५

चि. निशू,
अनेक आशीर्वाद.

मी पत्र लिहिते याचं तुला नवल वाटेल. फोनवर बोलायला लागले की तुझे आबा मधूनच ‘कोण आहे, कोण आहे’ करतात, आणि हे आबांसमोर बोलता येत नाही. तोंडानं तर मला कोणासमोरच बोलता येत नाही, म्हणून बंट्याची सवय उचलली.

कापूस वेचायला सुरुवात झाली. बाबा रविवारी राजूरहून येतात, खाणीतली ड्युटी बदललीय. रजत धावतो. जेवताना मान वर करत नाही. मी म्हणते भरतीची काळजी आहे. अर्पिता सांगत होती की तू तिच्याकडून व्हिडिओ घेतलास. त्याच दिवसापासून हे पत्र मनात लिहिते आहे.

तुला सांगून टाकते. आबा खाली पडले तेव्हा रजत मागून आला. त्याला वाटलं आबा गेलेच. बंडीची उभारी त्याच्या हातात कधी आली हे त्यालाही कळलं नाही. बादलची पाठ होती, त्यानं पाहिलंच नाही. धुळीत मी आणि बंट्या, आम्ही दोघांनीच पाहिलं. बंट्या ओट्यावर होता म्हणून त्याला दिसलं, आणि तुला तर ठाऊकच आहे, त्याचं तोंड तरी चालूच होतं. बादलनं पोलिसांत बंट्याचं नाव सांगितलं, झडतीच्या रागानं. संध्याकाळी पोलीस गाडी येणार असं कळलं तेव्हा मी त्याला गोठ्यात नेलं. म्हटलं, बंट्या, या साली भाऊबिजेची ओवाळणी मी आत्ताच मागते. त्यानं काय मागते हेसुद्धा विचारलं नाही. ‘दिली,’ म्हणाला, आणि जाऊन चपला घातल्या.

तू शिकलेली आहेस. मला काय म्हणतील ते तुझ्या पुस्तकात असेल. रजत दोन वर्षं काय धावला ते मी पाहिलं आहे गं. एका केसनं सगळं जातं. मी आई म्हणून विचार केला आणि बहीण म्हणून केला नाही. आता मला रात्री फक्त तो चपला घालतानाच दिसतो.

तू काही करू नकोस. दिवाळीला ये.

लोभ करण्यासारखं काही उरलं असलं तर कर.
तुझी आई,
दीपमाला


नागपूर,
दि. २५ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. आईस,
निशिगंधाचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्याशी न बोलता एसटीत बसले. पांढरकवडा येईपर्यंत राग होता, पुढे रडू. चिवड्याचा डबा मांडीवर होता, तो नागपूर येईपर्यंत अर्धा संपला, म्हणजे माझ्या दुःखाचं काय ते तूच ठरव.

आई, मला तुझा राग आला आहे आणि तुझी दयाही येते, दोन्ही एकाच वेळी, आणि कोणत्याही तासाला असं काही होतं हे आम्हाला शिकवलेलं नाही. तू म्हणतेस मी भाऊबिजेला रजतला फसवलं. मी फसवलं नाही. पाटावर बसवलं, ओवाळलं, आणि त्यानं खिशात हात घातला तेव्हा म्हटलं, ते राहू दे, मी मागेन ते देशील का. तो मुकाट्यानं ‘हो’ म्हणाला. आपल्या घरात भाऊ लोक आधी ‘हो’ म्हणतात, ही खोडच आहे. मी म्हटलं, मामाला परत आण. बस, एवढंच. तू आतून आलीस आणि तबक माझ्या हातातून घेतलंस ते तोवर झालं होतं.

तू ओरडलीस की मी भावाचं वाटोळं करते. मी त्याला सगळं समजावून सांगितलं आहे, तेही ऐकून घे. त्याला अजून एकवीस लागलेलं नाही. पहिलीच चूक आहे. छत्रीवाल्या बाई म्हणाल्या तसं त्याच्यासाठी कायद्यात एक दार आहे, मामासाठी ते बंदच म्हण. कोर्टाला वाटलं तर त्याला तुरुंगात न टाकता घरी सोडतील. पण पोलीस भरतीचं मी त्याला खोटं सांगितलं नाही. ही संधी जाईल, बहुतेक जाईलच. पुढची मिळेल का, मला माहीत नाही. हे सांगताना माझा आवाज फुटला आणि तो मला म्हणाला, ‘ताई, थे खाकी घालून मामाच्या समोर कसा उभा राहू सांग.’ मग सायकल काढून निघून गेला. तो काय करणार हे मला ठाऊक नाही. मी त्याच्यामागे लागणार नाही. पोलिसांना काही सांगणारही नाही. त्याला मागितलं आहे, देणं न देणं त्याचं.

आणि एक. तू भाऊबिजेला मामाकडे गेली नाहीस. अंघोळ करून, नवं पातळ नेसून, तबक तयार करून दिवसभर ओसरीत बसून राहिलीस. मला सगळ्यात जास्त वाईट त्याचं वाटलं.

लोभ कमी झालेला नाही, बोलणं तेवढं बंद आहे.
तुझी,
निशू


॥ श्री ॥
पिंपळडोह,
दि. ९ नोव्हेंबर २०२५

चि. निशिगंधा,
आशीर्वाद मागाहून. आधी शिव्या.

मी बाहेर आहे. माझ्या खोलीत बसून लिहितोय आणि हे पत्र कोणी साहेब वाचणार नाहीत, म्हणून जे लिहायचं ते मोकळेपणानं लिहितो. तू आगाऊ, नाकखुपशी, अर्धीकच्ची विद्वान आहेस.

तारखेला मला उभं केलं. न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का. मी घसा साफ करत होतो. अडीच महिने तयार केलेलं उत्तर होतं, जरा बरं म्हणावं म्हटलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून रजत उठला आणि म्हणाला, ‘साहेब, मामाले काहून विचारता? मारलं मीनं.’

मी ओरडलो की खोटं बोलतोय, उन्हात धावून याचं डोकं फिरलंय. न्यायाधीश शांत माणूस. मला म्हणाले, ठीक आहे, तुम्हीच मारलं ना, मग तो माणूस पडला कसा ते सांगा. ओट्यावरून मला उभारी उगारलेली तेवढी दिसली होती, पडणं ट्रॅक्टरच्या आड गेलं होतं; तरी मी ठासून सांगितलं, उताणा पडला, आभाळाकडे तोंड करून. तर मागून बादल उठला. तोच, ज्याच्यामुळे मी एवढा आत बसलो. म्हणाला, ‘येले तर मी कसा पडलो हेबी माहीत नाही साहेब. मी टायरावर तोंडघशी पडलो, हे पाहा दात.’ आणि ओठ वर करून तुटका दात दाखवला. फिर्यादीनंच मला उघडं पाडलं. सगळं कोर्ट हसलं, निशू, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावरच्या विनोदाला हसलो नाही.

न्यायाधीशांनी मला चांगलंच झापलं. खोटी कबुली देणं म्हणजे कोर्टाची थट्टा आहे म्हणाले. पोलिसांना पुन्हा तपास करायला सांगितलं आणि मला गावच्या अटीशिवाय जामिनावर सोडलं. पोराला त्याच दिवशी पोलिसांनी नेलं. दोन दिवसांनी वकिलानं त्यालाही जामिनावर आणलं. पडताळणीचे लोक येऊन गेले, काय लिहून नेलं ते वेगळं सांगायला नको.

मी अडीच महिने बसून जे राखलं ते तुझ्या एका ओवाळणीनं उधळून लावलं. मला तुझा भयंकर राग आलाय. माझ्याजवळ देण्यासारखं एवढंच होतं. शेत नाही, संसार नाही, एक जीभ आहे ती कोणाला नको असते. ताईनं पहिल्यांदा काही मागितलं आणि मी ते देऊ शकलो याचं मला तिथं आत किती बरं वाटत होतं हे तुला कळायचं नाही.

पण तुला हेही सांगायला पाहिजे, नाहीतर मी खोटा ठरीन, आणि ते आता कोर्टाच्या दप्तरी लागलंच आहे. मधे एकदा पोरगा तुरुंगात मला भेटायला, मुलाखतीला आला होता. सगळा वेळ जाळीकडे बघत होता, माझ्याकडे नाही. मी दोन विनोद केले, ते जाळीलाच लागले. त्या दिवशी कोर्टातून पोलिसांबरोबर जाताना त्यानं वळून सरळ माझ्याकडे पाहिलं. घाबरलेला होता. पण पाहिलं.

ताई माझ्यासमोर येत नाही. डबा रजतच्या हाती पाठवते.

राग उतरला की लोभ पाठवीन, सध्या एवढ्यावर भागव.
बंटीमामा


पिंपळडोह,
दि. २२ फेब्रुवारी २०२६

चि. निशू,
अनेक आशीर्वाद.

परीक्षा जवळ आली, तरी वाचायला वेळ काढ. तुझ्या छत्रीवाल्या बाईंसारख्या एक बाई आपल्याकडे येऊन गेल्या. यांच्याकडे छत्री नव्हती, स्कूटी होती. मी चहा केला तर म्हणाल्या, मी चहा घेतला तरी जे खरं आहे तेच लिहीन. मी म्हटलं, घ्या, तेच लिहा. आबांनी त्यांना दोन तास स्वतःची माहिती सांगितली, रजतची एक अक्षर नाही. शेजारी शकुबाईनं सांगितलं की पोरगा तापट आहे पण म्हैस सुटली तर तोच धावतो. बाई बादलकडेही गेल्या. तो काय बोलला ते त्याची बायको मला विहिरीवर सांगत होती: खोटंच बोलायचं होतं तर पोट्ट्याले गप्प बसून जमलं असतं. बादल असं बोलेल हे मला वाटलं नव्हतं.

परवा निकाल झाला. रजतनं कबूल केलं. तुरुंग नाही. एक वर्षाचं बंधपत्र आहे, दर महिन्याला त्या बाईंसमोर जायचं आणि बादलच्या दवाखान्याचा खर्च द्यायचा. बंट्याची केस संपली. पोलीस भरतीची यादी आधीच लागली होती, त्यात रजत नाही. त्या दिवशी तो गोठ्यामागे खूप रडला आणि मी आत बसून ऐकत राहिले. पुढच्या वेळी घेतील का, कोणी सांगत नाही. तो पहाटे अजून धावतो. मी विचारलं, आता कायले? तर म्हणाला, सवय आहे. पण जेवताना आता बोलतो, भाजीला नावं ठेवतो.

तू परिविक्षा अधिकाऱ्याची परीक्षा देणार हे बंट्यानं सांगितलं. मला तुझा राग होता, निशू. दिवाळीपासून होता. तुझं पत्र आलं की आधी देवापाशी ठेवायचे आणि संध्याकाळी उघडायचे. आता तो नाही. कधी गेला ते कळलं नाही. तू मागितलंस म्हणून पोरगा बोलला, आणि मी मागितलं म्हणून भाऊ गप्प बसला. दोघांनी ओवाळणीच दिली. मागणाऱ्यांतच फरक होता.

काल पोस्टानं बंट्याला परत कामावर घेतलं. दुपारी पिशवी घेऊन अंगणात आला. विजेचं बिल होतं. नोव्हेंबरपासून तो आपल्या उंबऱ्याच्या आत आला नव्हता, कारण मी त्याच्यासमोर जात नव्हते. बिल ओट्यावर ठेवून वळला तर मी हाक मारली. मनात कितीतरी जुळवून ठेवलं होतं, त्यातलं काही आलं नाही. म्हटलं, ‘बंट्या, मी तुले एका नोकरीसाठी विकलं.’

तो पिशवी खांद्यावर तशीच ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, ‘ताई, बेचाळीस वर्षांत मले घ्यायले आलेलं गिऱ्हाईक तू पयलीच. मी काय भाव करत बसू?’

मी हसले, निशू. पोळ्यानंतर पहिल्यांदा. आणि हसता हसता जे रडू आलं ते कितीतरी वेळ थांबलं नाही, आणि त्यानंही थांबवलं नाही. पिशवी उतरवून माझ्याजवळ बसून राहिला. मग मी ताट वाढलं. डाळ खाऊन म्हणाला, तिथली बरी होती.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहितात. मी या घरात मागायचं होतं त्यापेक्षा जास्त मागून बसले. आता मागत नाही. तुला वाटला तर दे.

तुझी आई